सरासरीच्या आड दडलेली माणसे

मागास प्रदेश पुढारलेल्या प्रदेशाला कधी गाठणार, याचे गणित आता संगणक क्षणात सोडवतो. 'आर'सारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते. रॉबर्ट बॅरो आणि झेवियर साला-इ-मार्टिन यांनी १९९२ मध्ये मांडलेली रीत देशांप्रमाणे जिल्ह्यांनाही लावता येते. गरीब प्रदेश अधिक वेगाने वाढतो काय, ही पहिली कसोटी. एकूण तफावत वर्षागणिक घटते काय, ही दुसरी. अमेरिकेतील राज्यांची दरी वर्षाला सुमारे २ टक्क्यांनी बुजते, असे त्यांना आढळले. या वेगाने निम्मी दरी बुजायला ३५ वर्षे लागतात. म्हणजे एक अख्खी पिढी गेली!

सत्ताधाऱ्यांना पहिली कसोटी फार आवडते. समजा, एका जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न ५० हजार आहे आणि ते ८ टक्क्यांनी वाढले. दुसऱ्याचे २ लाख आहे आणि ते ५ टक्क्यांनी वाढले. गरीब जिल्हा 'वेगवान' म्हणून त्याची जाहिरात होईल. प्रत्यक्षात पहिल्याला ४ हजार मिळाले, दुसऱ्याला १० हजार. अंतर ६ हजारांनी वाढलेच ना?

हे गणित आमच्या धाराशिवला लावून पाहा. २०१८ मध्ये नीती आयोगाने महाराष्ट्रातील चार आकांक्षित जिल्ह्यांत तेव्हाच्या उस्मानाबादचा समावेश केला. गोंडस नावाने मागासपण झाकत नाही. मोजायला बसले की पहिली अडचण हद्दीचीच. १९८२ मध्ये लातूर वेगळा झाला. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे सरळ एका रांगेत ठेवले तर सॉफ्टवेअर बिनबोभाट उत्तर देईल, पण ते खोटे असेल. दुसरी अडचण त्याहून मोठी. जिल्ह्याचे उत्पन्न मोजतात ते तिथे काय पिकले, काय तयार झाले यावरून. भूम, वाशी, कळंबची कोयता जोडी पश्चिम महाराष्ट्रात सहा महिने ऊस तोडते. तिच्या घामातून निघालेली साखर तिकडच्या जिल्ह्याच्या खात्यावर चढते. माणूस आमचा, उत्पन्न त्यांचे!

आणि सरासरीला जात नसते. जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १६ टक्के अनुसूचित जाती आहेत. बागायतदाराचे उत्पन्न दुप्पट झाले आणि भूमिहीनाचे जागीच राहिले, तरी जिल्हा 'पुढे' जातो. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये ३,१८६ कोटींचा अनुशेष काढला. ते काम मोलाचेच होते. पण तिचे एकक जिल्हा होते. रस्ता गावात आला, तो गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत पोचला काय, हे त्या हिशेबात बसत नव्हते. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, ती वेळेवर वाढवण्याची तसदीही कोणी घेतली नाही.

बाबासाहेबांनी १९२५ मध्ये प्रांतिक अर्थकारणावर ग्रंथ लिहिला आणि १९५५ मध्ये मराठवाड्याला सामावणारा वेगळा मध्य महाराष्ट्र सुचवला. प्रदेशाची विषमता त्यांनी कधी दुय्यम मानली नाही. पण याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे १९४१ मध्ये ते आले ते महार-मांग वतनदार परिषदेसाठी. गावाचा महसूल किती, हा तिथला सवाल नव्हता. गावासाठी राबणाऱ्याच्या पदरात काय पडते, हा होता.

केंद्र सरकारने २०२५ मध्ये जनगणनेत जातनिहाय नोंदीची घोषणा केली. नुसती डोकी मोजून भागणार नाही. जमीन, मजुरी, स्थलांतर आणि शिक्षण यांचे जातनिहाय आकडे तालुकावार खुले करा. सॉफ्टवेअर चालवणारी मुले आमच्या वस्त्यांतही आहेत. दरी बुजते की रुंदावते, ते आम्ही आमचे मोजू. आकडे कधी देता, तेवढे सांगा.