कोड नको, लॉग द्या

'इंजेक्शनवाली गाडी गावाकडं घेऊ नको, तिथल्या मिस्त्र्याला कळत नाही.' हे वाक्य मी पुण्यात ऐकलंय, परभणीत ऐकलंय आणि ज्यांनी आयुष्यात कधी स्पार्क प्लग खोलून पाहिला नाही अशा लोकांच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकलंय. हे वाक्य खोटं आहे. शिवाय ते सोयीचं आहे, म्हणून जास्त वाईट. गाडी बंद पडली की दोष थेट गंगाखेडच्या टपरीवजा गॅरेजातल्या माणसावर जातो, आणि ज्यांनी ती गाडी बनवून तिची माहिती कुलूपबंद केली त्यांचं नावही कुणी काढत नाही.

मिस्त्र्याला इंजेक्शन कळत नाही असं नाही. त्याला ते कळू नये अशी व्यवस्था केलेली आहे. पुरावा म्हणून माझ्याकडे एक जुनी मोटरसायकल आहे. तिच्या कंपनीचं नाव मी मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की भांडण त्या एकाच कंपनीशी होतं. माझं भांडण सगळ्यांशी आहे.

आधी थोडा इतिहास, कारण आपल्याकडे 'क्लासिक' म्हटलं की लोक बुलेट, येझदी आणि आरएक्स १०० यांच्यापुढे जातच नाहीत. भारतात फ्युएल इंजेक्शनची पहिली मोटरसायकल २००६ साली आली, हिरो होंडाची ग्लॅमर एफआय. पुढच्या वर्षी बजाजची पल्सर २२० डीटीएस-एफआय आली. ऑइल कूलर, मागेही डिस्क ब्रेक, प्रोजेक्टर हेडलॅम्प. तेव्हा शाळेत असलेल्या आमच्या पिढीसाठी ती गाडी म्हणजे भिंतीवरचं पोस्टर होतं. २००९ मध्ये बजाजने त्याच २२० मधून इंजेक्शन काढलं, कार्ब्युरेटर बसवला, किंमत उतरवली, आणि तीच गाडी जास्त गाजली. म्हणजे तेव्हा गिऱ्हाइकाला निवड होती. आता ती नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा लागू झालं, आणि प्रदूषणाच्या त्या मर्यादा साध्या कार्ब्युरेटरने गाठणं जवळपास अशक्य असल्याने दूधवाल्याच्या स्प्लेंडरलाही इंजेक्शन आलं. याबद्दल माझी तक्रार नाही. हवा स्वच्छ राहावी हे बरोबरच आहे. 'जुनं ते सोनं' म्हणत कार्ब्युरेटरची आरती ओवाळणाऱ्यांशी तर माझं अजिबात जमत नाही. चोक ओढून, किक मारून, हिवाळ्यात अर्धा तास घाम गाळण्यात कसलीही संस्कृती नव्हती.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. चाळीस वर्षांची आरएक्स आजही उभी करता येते. जेट, निडल, फ्लोट, सगळं डोळ्यांना दिसतं, पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत सुटं मिळतं, आणि त्यात कुणाची परवानगी लागत नाही. इंजेक्शनच्या पहिल्या पिढीतल्या गाड्या मात्र भंगारात चालल्यात. इंजिन शाबूत असतं, चॅसी शाबूत असते. 'ईसीयू गेला' या दोन शब्दांवर गाडी मेलेली ठरते. ईसीयू म्हणजे गाडीचा छोटा कॉम्प्युटर. तो गेला आहे की नाही हे तपासायची सोय कुणाकडेच नसते, त्यामुळे नाकारायचीही सोय नसते.

माझी गाडीही अशीच 'मेलेली' होती. दहा-बारा वर्षं उभी. टाकीत गंज, रबरी नळ्या कडक झालेल्या, पंपाची जाळी बुजलेली. ही कामं कष्टाची आहेत, अवघड नाहीत. टाकी आतून धुतली, गंज काढला, नळ्या सगळ्या नव्या घातल्या. (हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत असतं आणि इथेनॉल हवेतली ओल खेचून घेतं. जुनी गाडी टाकी अर्धी ठेवून महिनोन्महिने उभी करू नका.) गाडी सुरू झाली. थंड असताना झकास. पंधरा मिनिटांनी मात्र मिसिंग मारायची, सायलेन्सरमधून काळा धूर, मग सिग्नलला बंद. अर्ध्या तासाने, गार झाल्यावर, पुन्हा पहिल्यासारखी. मोठ्या शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरने दुरूनच निदान केलं: ईसीयू गेला, आता मिळत नाही, विकून टाका.

गंगाखेडात आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी प्लग काढला, काजळी बोटाला लावून पाहिली आणि म्हणाले, "पेट्रोल लई प्यायली ही. पन कोन पाजायलं तेच दिसंना."

इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मला याहून नेमकं निदान कुणी शिकवलं नाही. पेट्रोल जास्त जातंय हे त्यांना कळलं होतं. ते कोण पाठवतंय, हा भाग डब्यात बंद होता.

ते कसं चालतं ते सांगतो, कारण यात जादू काहीच नाही. टाकीतला पंप पेट्रोल साधारण तीन बार दाबाने इंजेक्टरपर्यंत आणतो. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारा बारीक नळ. दर वेळी काही मिलिसेकंद उघडतो. किती मिलिसेकंद, हे ईसीयू ठरवतो. त्यासाठी तो इंजिनला सतत प्रश्न विचारतो. थ्रॉटल किती उघडलंय? क्रँक कुठे आहे? इंजिन किती तापलंय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देणारा सेन्सर अगदी साधा असतो: तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. नेहमीच्या प्रकारात वीस अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, ऐंशी अंशांना तीनशेच्या आसपास. इंजिन गार असेल तर ईसीयू जास्त पेट्रोल देतो, जुन्या गाडीत आपण चोक ओढायचो तसंच.

मी गाडी तापवली आणि सेन्सरवर मल्टिमीटर लावला. तीनशेच्या खाली. सेन्सर ठणठणीत. मग ईसीयूच्या बाजूला, वायरिंगच्या दुसऱ्या टोकाला मोजलं. तीन हजारांच्या वर. मधे कुठेतरी एका कनेक्टरची पिन हिरवी पडली होती आणि गंजाचा रेझिस्टन्स सेन्सरच्या रेझिस्टन्समध्ये मिसळत होता. बाहेर मे महिना, परभणी जिल्ह्यातलं ऊन, गोदावरीच्या पात्रात वाळू तापलेली, आणि गाडीच्या मेंदूला वाटत होतं की इंजिन पंधरा अंशांवर कुडकुडतंय. म्हणून तो बिचारा मायेने पेट्रोल ओतत होता. ईसीयू गेला नव्हता. मिळालेल्या चुकीच्या माहितीवर तो अगदी बरोबर वागत होता. सॉफ्टवेअरवाल्यांना ही जात नीट माहीत असते: प्रोग्राम बरोबर, इनपुट सडकं.

चेक इंजिनचा दिवा लागला नव्हता, कारण तीन हजार ओहम हा अशक्य आकडा नाही. थंडीतल्या पहाटे तो खरोखरच येतो. वायर तुटली असती तर दिवा लागला असता. अर्धवट गंजलेली वायर यंत्राला पकडता येत नाही, माणसाला येते. पण त्यासाठी माणसाला तो आकडा दिसायला हवा. 'इंजिन तापमान: १५' एवढी एक ओळ मामांना कुठल्याही पडद्यावर दिसली असती, तर त्यांनी हसून दोन मिनिटांत पिन घासली असती.

ती गंजकी पिन शोधायला मला तीन रविवार लागले. पिन साफ करायला दहा मिनिटं. तीन रविवार कशात गेले? वायरिंगचा नकाशा नव्हता म्हणून. तीसेक वायरी, काहींचे रंग उडालेले, एकेक वायर मल्टिमीटरने टोकापासून टोकापर्यंत वाजवत मी तो नकाशा वहीत स्वतः काढला. जो कागद कंपनीच्या कपाटात छापील पडून आहे, तो मी पेन्सिलने पुन्हा बनवला. मला पगार महिन्याचा मिळतो, म्हणून तीन रविवार परवडले. ज्याचं पोट रोजच्या सर्व्हिसिंगवर आहे तो एका गिऱ्हाइकासाठी तीन दिवस घालवू शकत नाही. तो म्हणणार, 'दादा, परभणीला न्या.' चाळीस किलोमीटर. आणि तुम्ही म्हणणार, गावातल्या मिस्त्र्याला कळत नाही.

गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. जात्याशिवाय त्यांचं चित्रही कुणी काढत नाही, म्हणून उदाहरण जात्याचंच देतो. जातं गुळगुळीत झालं की टाकी लावणारे दारावर यायचे, छिन्नीने दगड पुन्हा खरबरीत करून द्यायचे. जातं कुठल्या पाथरवटाने घडवलं हे त्यांना कुणी विचारत नव्हतं. वस्तू विकत घेतली की तिची दुरुस्तीही आपली, हा हक्क कुणी कायद्यात लिहिण्याआधीपासून आपल्याकडे होता. तो गेला कधी, ते कळलंही नाही.

मी अवास्तव काही मागत नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात न दिल्याबद्दल १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं, आणि त्यात वाहनं हा विषय आहे. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. युरोपात मात्र दुचाकींसाठीचा २०१३ चा नियम आहे की दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही वाजवी दरात मिळालीच पाहिजे. आपल्या चाकणला तयार होणाऱ्या मोटरसायकली युरोपात विकल्या जातात. म्हणजे चाकणच्या गाडीची माहिती मिळण्याचा हक्क जर्मनीतल्या मेकॅनिकला कायद्याने आहे, आणि चाकण ज्या राज्यात आहे त्याच राज्यातल्या गंगाखेडच्या मेकॅनिकला नाही. हे ज्याला पटतं त्याने मला समजावून सांगावं, मी ऐकायला तयार आहे.

यावर नेहमीचं उत्तर येतं: माहिती दिली तर लोक ईसीयूशी खेळतील, प्रदूषण वाढवतील, आणि आमच्या संशोधनाचं काय? माझा धंदाच सॉफ्टवेअरचा आहे, तेव्हा हा बागुलबुवा मला दाखवू नका. वाचणं आणि बदलणं या दोन वेगळ्या परवानग्या असतात, हे आमच्याकडे पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला तुमचा कोड नको, लॉग द्या. इंजेक्शनचं गणित तुमच्यापाशी ठेवा. सेन्सर काय सांगतोय ते दाखवा, वायरिंगचा नकाशा द्या, आणि भाग बदलल्यावर जे रीसेट करावं लागतं ते करू द्या. प्रदूषणाचंच म्हणाल तर माझी गाडी काळा धूर ओकत होती तो माहिती मिळाल्यामुळे नव्हे, न मिळाल्यामुळे.

मिस्त्र्यांनाही एक सांगायचंय, कारण सगळेच काही मामा नसतात. 'हे बदलून बघू, ते बदलून बघू' करत गिऱ्हाइकाचे पाच हजार उडवणारेही आहेत. इंजेक्टरला पान्ह्याने ठोकणारा मी डोळ्यांनी पाहिलाय. पण त्याच गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जा. दहावी झालेला पोरगा मायक्रोस्कोपखाली बोर्ड धरून, शेजारच्या लॅपटॉपवर सर्किटचा नकाशा उघडून, बोटाच्या पेराएवढी आयसी बदलतो. तो नकाशा त्याला रीतसर मिळालेला नसतो, इकडून तिकडून आलेला असतो. तरी तो आहे म्हणून ते दुकान चालतं. माणसांच्या अकलेत फरक नाही. एकाच्या हातात कागद आहे, दुसऱ्याच्या नाही.

बीएस-सहाच्या गाड्यांत परिस्थिती थोडी सुधारली आहे, हेही सांगायला हवं. अनेक गाड्यांत सीटखाली सहा पिनांचं लाल सॉकेट असतं, आणि प्रदूषणाशी संबंधित कोड ठरावीक पद्धतीनेच द्यावे लागतात. मी मामांना एक साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि त्याची वायर आणून दिली, त्यांच्याच मोबाइलवर अ‍ॅप टाकलं. आता गॅरेजात आलेल्या नव्या गाडीला ते आधी हात लावत नाहीत, आधी वायर लावतात. इंजिनचं तापमान, थ्रॉटल, बॅटरीचा व्होल्ट, भराभर वाचतात. गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या पोराच्या गाडीचं थ्रॉटल बॉडी साफ केलं, सेन्सर तपासला, सगळं नीट होतं. फक्त शेवटचं रीसेट राहिलं. अ‍ॅपमध्ये ते बटण होतं, करड्या रंगाचं. मामांनी तीन-चारदा दाबलं, मग मोबाइल माझ्यापुढे धरला.

"दादा, हे कामून दबंना?"