आजोबांच्या बंदुकीचा मेकअप

मंडळी, काजूचे पैसे हातात आले की आमच्याकडे हल्ली एक नवीन खूळ निघालंय. वारसाने आलेली ठासणीची नाहीतर बारा बोअरची बंदूक काढायची आणि तिला नटवायचं. नवा दस्ता, वर दुर्बीण, नळीला काळं पॉलिश, पितळी नक्षी. या महिन्यात तिघांनी मला विचारलं, "दादा, करून घेऊ काय?" तिघांना एकच उत्तर दिलं, तेच इथे लिहितो. राग आला तरी वाचा.

पहिलं, दुर्बीण. आपल्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, रायफलसारखे आटे तिला नसतात. छर्रे चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे फाकतात आणि त्यांचा जोर जातो. तेवढ्या अंतरावरचं डुक्कर उघड्या डोळ्यांनी दिसतं. रायफलीची दुर्बीण बारा बोअरवर चढवणं म्हणजे पॉवर टिलरला विमानाचं मीटर बसवणं. वर बंदुकीचा धक्का असा, की स्वस्तातली दुर्बीण थोड्याच बारांत हलते.

आणि बघणार काय दुर्बिणीतून? शिकार कायद्याने बंद आहे. डुक्कर भात लोळवून गेलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही. आपल्यातले बहुतेक जण वर्षभरात काय करतात? वांदर पळवायला हवेत बार काढतात. आवाजाला नक्षी लागत नाही.

आता कायद्याचं, कारण इथे पोरं फसतात. शस्त्र कायद्याच्या कलम 6 प्रमाणे विनापरवाना नळी आखूड करणं गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका प्रकारची बंदूक दुसऱ्या प्रकारात बदलणंही त्यातच आलं. "जरा हातात सुटसुटीत होईल" म्हणून नळी कापणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. नळीवरचा नंबर परवान्यावर लिहिलेला असतो. पॉलिश करताना तो घासला गेला, तर निवडणुकीत बंदूक जमा करायला गेलात की ठाण्यात उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, पॉलिशवाल्याला नाही. आजोबांनी सांभाळलेला परवाना असल्या हौसेपायी घालवायचा?

मग पैसे घालायचेच नाहीत का? घाला की, पण आत घाला. परवाना असलेल्या कारागिराकडून नळी आतून तपासून घ्या. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात नळीला आतून खड्डे पडतात. बाहेरून चकचकीत आणि आतून पोखरलेली नळी डोळ्यांसमोर फुटू शकते. ठासणीची असेल तर केप बसते ते निप्पल बदला, घोड्याची स्प्रिंग बघा. चाप न ओढता घोडा सुटत असेल तर ती बंदूक घरात ठेवायच्या लायकीची नाही, पोरंबाळं असतात.

बारा बोअरवाल्यांनी आणखी एक बघावं. जुन्या विलायती बंदुकांचं काडतुसाचं घर बऱ्याचदा अडीच इंची असतं. हल्लीचं पावणेतीन इंची काडतूस त्यात घातलं तर बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. नळीवर लाकडाच्या रेघांसारखी वेलबुट्टी दिसत असेल तर ती पट्ट्या पिळून केलेली असू शकते, अशा बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. तपासल्याशिवाय त्यात आजचं काडतूस घालू नका. याची तपासणी पॉलिशपेक्षा स्वस्तच पडते.

दस्त्याचं मात्र मी मान्य करतो. आजोबा सहा फुटी आणि नातू पाच फुटी असेल तर दस्ता खांद्याला नीट लागत नाही, नेम चुकतो, गालाला दणका बसतो. तो मापाचा करून घेणं, मागे रबराची गादी लावणं, हा खर्च योग्य. पण जुनं अक्रोडाचं लाकूड फेकून प्लॅस्टिकचा दस्ता? जवसाचं तेल चोळा, लाकूड स्वतःच बोलेल.

"दादा, आजोबांची आठवण आहे ती," असं एकाने सुनावलं. आठवण आहे म्हणूनच म्हणतोय. त्यांच्या हाताने गुळगुळीत झालेला दस्ता काढून टाकल्यावर आठवण कसली उरली? आठवण जपायची तर बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुवा, पुरती सुकवा, तेलाचा बोळा फिरवा. आजोबा हेच करत, फुकटात.

उलट बाजूचे काही कृषीवाले मित्र म्हणतात, बंदूकच मोडीत काढा, कुंपण घाला. अर्धं बरोबर आहे. डुकराला सौरकुंपण बंदुकीपेक्षा सरस, रात्री जागावं लागत नाही. जन-वन विकास योजनेत त्याला अनुदान आहे, तुमचं गाव बसतं का ते वनरक्षकाला विचारा. पण वांदर माडावरून माडावर जातो, त्याला कुंपण काय करणार? म्हणून बंदूक राहू दे.

ज्यांच्या घरी परवाना अजून वडील-काकांच्या नावावर आहे त्यांनी दुर्बिणीआधी हे काम करा. 2016 च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय 70 झालं, किंवा बंदूक 25 वर्षं त्यांच्याकडे असली, तर हयातीतच वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. नंतर भावाभावांच्या संमतीपत्रांत वर्षं जातात, आणि बंदूक तोवर ठाण्यात गंजत पडते. कागदाचं काही अडलं तर खाली विचारा, मला माहीत असेल ते सांगेन.