बारावीनंतरचे तिकीट

महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च म्हटला की आपण प्रवेश शुल्क, पुस्तके आणि शिकवण्या यांचा हिशेब मांडतो. बीड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मुलामुलींसाठी त्यात आणखी एक रक्कम असते, आणि ती रोज मोजावी लागते. ती म्हणजे गावापासून तालुक्यापर्यंतचे भाडे. घरी मोटार नसते. मोटारसायकल असलीच तर ती घेऊन वडील सकाळीच कामावर गेलेले असतात. मग एसटी, काळी-पिवळी जीप किंवा टमटम, एवढेच काय ते उरते.

तालुक्याच्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे शिकवले. जुलैत भरलेला वर्ग दिवाळीनंतर विरळ होई. कारण विचारले की मुले आजारपण सांगत, शेतातले काम सांगत, बहिणीचे लग्न सांगत. भाड्याला पैसे नव्हते, असे मात्र सहसा कोणी सांगत नसे. ते इतरांकडून कळे. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीला जातात. घरी उरतात ती म्हातारी माणसे आणि कॉलेजात जाणारी पोरे. मुकादमाकडून घेतलेली उचल केव्हाच खर्च झालेली असते. अशा वेळी पासाचे पैसे मागायचे तरी कोणाकडे?

रक्कम लहान आहे, म्हणून प्रश्नही लहान आहे असे समजू नये. शेजारच्या लातूर जिल्ह्यात 2015 च्या दुष्काळात एका विद्यार्थिनीने पासापुरते पैसे घरात नाहीत, या विवंचनेत जीव दिला. ते पैसे तीनशे रुपयांहूनही कमी होते. त्यानंतर दुष्काळी भागातील विद्यार्थ्यांना पास मोफत देण्याचा निर्णय झाला. निर्णय चांगलाच होता, पण तो दुष्काळापुरता होता. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात मात्र पैशाचा दुष्काळ दरवर्षीच असतो.

सरकारने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना 66.66 टक्के सवलत आहे. म्हणजे एकतृतीयांश रक्कमच भरावी लागते. अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाच्या योजनेतून बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत मिळतो. जून 2025 मध्ये तर हे पास थेट शाळा-महाविद्यालयात नेऊन देण्याची मोहीम महामंडळाने हाती घेतली. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. जुलै 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले.

मग अडते कोठे? मला वाटते, दोन जागी अडते.

पहिली जागा बारावीची. जी मुलगी कालपर्यंत मोफत येत होती, तिला पदवीच्या पहिल्या वर्षाला पैसे मोजावे लागतात. नेमक्या याच वयात घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) बीड जिल्ह्यातील 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. अशा जिल्ह्यात बारावी पार करून आलेली मुलगी ही मोठी कमाई आहे. तिला थांबवायला घरच्यांना एक निमित्त पुरते, आणि महिन्याचा पास हे ते निमित्त आपणच पुरवतो.

दुसरी जागा वेळेची. पास असला तरी तो एसटीतच चालतो. जीपवाला तो पाहतही नाही. 25 जानेवारी 2025 ला एसटीचे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले आणि साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा टप्पा दहा रुपयांच्या घरात गेला. तीस किलोमीटरवरच्या गावाहून येण्याजाण्याचे पूर्ण भाडे शंभराच्या आसपास होते. पासाने ते एकतृतीयांशावर येते खरे, पण प्रात्यक्षिक संपायच्या आत गावची गाडी निघून गेली की जीपचे पैसे वेगळे मोजावे लागतात. ज्याच्या खिशात ते नाहीत, तो प्रात्यक्षिकच सोडतो.

गाडी नसली म्हणजे काय होते, हे आपण पाहिले आहे. 20 ऑक्टोबर 2021 पासून राज्यातील महाविद्यालये पुन्हा उघडली आणि महिनाअखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल 2022 पर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांमागेही त्यांच्या घरची ओढग्रस्तच होती. पण ते सहा महिने खेड्यातील मुलांनी जीपचे पूर्ण भाडे देऊन काढले, नाहीतर घरी बसून. 17 सप्टेंबर 2025 ला अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे आली, याचा आनंद आहेच. मात्र बालाघाटातल्या वाडीवस्तीवर रेल्वे जाणार नाही. तिथे एसटीच हवी.

उपाय फार अवघड नाहीत. मुलींचा मोफत पास पदवीपर्यंत वाढवावा. शेजारच्या कर्नाटकाने 11 जून 2023 पासून राज्याच्या साध्या बसगाड्यांत सर्वच महिलांना मोफत प्रवास दिला. आपण निदान विद्यार्थिनींपासून सुरुवात करावी. ऊसतोड कामगारांच्या मुलांना, मग तो मुलगा असो की मुलगी, हंगामाच्या महिन्यांत पास मोफत द्यावा. आणि दर जूनमध्ये प्राचार्य व आगारप्रमुख यांनी एकत्र बसून तासिकांचे आणि गाड्यांचे वेळापत्रक जुळवावे. या शेवटच्या कामाला तर पैसाही लागत नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. पासाचे पैसे हा वरखर्च मानू नका, तो शुल्काचाच भाग समजा. आणि गावातल्या ज्यांना शक्य आहे त्यांनी शेजारच्या एखाद्या मुलीचा महिन्याचा पास आपल्याकडे घ्यावा, मात्र त्याचा गवगवा करू नये. मागायला लाज वाटते, म्हणूनच तर ही मुले वर्गातून न सांगता नाहीशी होतात.