कळांची साक्ष

लेबर रूममध्ये सिस्टर ओरडली, मांडीवर चापट मारली, तरी घरी आल्यावर बाई सांगते ते एवढंच: बाळ-बाळंतीण सुखरूप. बाळंतपणात हे चालायचंच, अशी समजूत आई-सासूपासून चालत आलेली. ही समजूत मोडली ती बायकांनी ऑनलाइन लिहायला घेतल्यावर. २०१६ मध्ये इटलीत फेसबुकवर ‘बास्ता ताचेरे’, म्हणजे गप्प बसणं पुरे, असं म्हणत शेकडो आयांनी आपले अपमान मांडले. २०१७ मध्ये मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी रुग्णालयांनी सिझरचं प्रमाण जाहीर करावं, अशी ऑनलाइन याचिका केली. लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांना हे आकडे दर्शनी भागात लावण्याचे आदेश निघाले.

हे शहरातल्या शिकलेल्या बायकांचं काम, धाराशिव जिल्ह्याला त्याचं काय, असं कुणी म्हणेल. आक्षेप खरा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात १०० पैकी जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण ग्रामीण भागात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या बायका शंभरात २४ सुद्धा नव्हत्या. वाशी-कळंबच्या ऊसतोड करणाऱ्या बाईपर्यंत दवाखाना पोचला, तक्रारीची वाट पोचली नाही. दुसरा आक्षेप सिस्टरवरच्या ताणाचा. कामाचा बोजा आम्हाला मान्य आहे. पण तीच सिस्टर त्याच पाळीत तहसीलदारांच्या सुनेवर हात उगारत नाही. राग ताणातून येत असेल, तो कुणावर काढायचा हे मात्र बाईची पायरी बघून ठरतं.

मग बिनमोबाइलच्या बाईची साक्ष नोंदवायची कुणी? पटकन आशाताईचं नाव येतं. पण बाईला दवाखान्यात आणल्याबद्दल तिला मोबदला मिळतो. त्याच दवाखान्याविरुद्ध बोलायचं तिनं कसं? बाळंतपणानंतर ४२ दिवसांत ती सहा वेळा बाळाला बघायला येते. तेव्हा ‘आत तुला कसं वागवलं?’ हे विचारायला सोबत दवाखान्याबाहेरची बाई हवी. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने घडवलेल्या भारतवैद्य, म्हणजे गावातल्याच आरोग्यसेविका, या जिल्ह्याला नव्या नाहीत. गावातल्या बाईवर असा भरवसा टाकता येतो, हे त्यांनी दाखवलं आहे. नाव न घालता ही उत्तरं तालुकावार प्रसिद्ध व्हावीत. याने बायका पुन्हा घरीच बाळंत होतील, ही भीती आम्हाला पटत नाही. बाई बिचकते ती वागणुकीला, नोंदीला नव्हे.

ही नोंद सुरू होईल तेव्हा होईल, तोवर आत एक साक्षीदार तरी असू शकते: सरकारी दवाखान्यात कळा देताना सोबतीण आत ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच मुभा दिली आहे. दिवाळीला तुमच्या घरी पहिलटकरीण माहेरपणाला आली असेल, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना एवढं विचारा: आत सोबत कुणाला घेता?