पाना कुणाच्या हाती?



हे लिहायला बसले तेव्हा नखांत अजून ग्रीस होतं. आमच्या जुन्या मारुती 800 चे झिजलेले टाय रॉड एंड मी वारूळवाडीत, घराच्या अंगणात बदलले.

महिनाभर स्टिअरिंगला प्ले आला होता. खड्डा आला की खडखड. पुणे-नाशिक रस्त्यावर, उसाच्या ट्रॉल्यांच्या गर्दीत ही साधी गोष्ट नव्हे. हा सांधा निखळला तर चाक आपलं ऐकत नाही. गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर आलं, "ताई, साहेबांना पाठवा, त्यांना सांगतो." गाडी माझ्या नावावर, चालवते मी. समजून घ्यायचं मात्र साहेबांनी! आणि खरं सांगू? पहिल्या दिवशी मीही "ह्यांना विचारते" म्हणून परत आले होते.

मग ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या काकांना म्हटलं, "तुम्ही हात लावू नका, शेजारी बसून नुसतं सांगा." मागच्या चाकांना दगड लावले. गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवलं, तसा ढिला सांधा हातालाच कळला. चाक काढलं, लॉकनट सैल केला, स्प्लिट पिन काढून नट सोडला. सांधा सुटेना, तेव्हा तो ज्या लोखंडी हातात बसतो त्याच्या कडेवर हातोडीचे ठोके दिले. जुना एंड किती फेऱ्यांत निघाला ते मोजलं, नवा तितक्याच फेऱ्यांत बसवला, पिन नवी घातली, सगळे नट आवळले. तरी नंतर अलाइनमेंट करून घेतलीच. ती अंदाजाने होत नाही.

यात ताकदीपेक्षा लक्ष जास्त लागलं. शिलाई मशीन उघडून तेल घालणारी, शेगडीचा बर्नर साफ करणारी बाई हेच करत असते. पण ते 'घरकाम', आणि पाना पुरुषाच्या हाती आला की ते 'तंत्रज्ञान'!

1974 साली पुण्याच्या टेल्कोच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, आणि नोकरीही मिळवली. 1988 साली परभणीच्या शीला डावरे पुण्यात रिक्षा चालवू लागल्या. दारं अशी उघडली. पण आजही आपण मुलीला गाडी चालवायला शिकवतो, बॉनेट उघडायला नाही.

प्रत्येकीने मेकॅनिक व्हावं असं माझं म्हणणं नाही. पण काय बिघडलंय, बिलात काय लिहिलंय, हे विचारण्याचा आणि उत्तर मिळण्याचा हक्क आपला आहे. ज्याला यंत्र कळतं त्याच्याच हाती निर्णय जातो, मग ती गाडी असो की शेतातली मोटर.

तुम्ही कोणतं यंत्र पहिल्यांदा उघडलंत? कोण हसलं, कोण शेजारी बसलं? जरूर लिहा.