डिलीट दाबायच्या आधी ते नाव कुठे कुठे अडकलंय ते बघा

बिलिंग सॉफ्टवेअर शिकवताना दर बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, मालाच्या यादीत एकच वस्तू तीनदा झाली आहे. डिलीट करायला गेलो की होतच नाही. काय करू?" बहुतेकांना वाटतं सॉफ्टवेअर बिघडलंय. माझं मत उलट आहे. जे सॉफ्टवेअर गुपचूप डिलीट होऊ देतं, त्याला घाबरा.

आपल्या हिंगणघाटच्या दुकानातलीच वस्तू घेऊ. 'सरकी ढेप ५० किलो'. काउंटरवरच्या एका पोराने ती 'ढेप सरकी' म्हणून टाकली, दुसऱ्याने नुसतं 'ढेप'. आता दोन नावं उडवायची आहेत. पण नाव यादीत एकटं बसलेलं नसतं. खरेदी, विक्री, परत आलेला माल, साठा, ठोक गिऱ्हाइकाचा वेगळा रेट, सगळीकडे त्याचा धागा गेलेला असतो. खरं तर नाव जातच नाही, नंबर जातो. यादीत ढेपेला १०७ नंबर असेल तर बिलाच्या ओळीत फक्त १०७ लिहिलेलं असतं. यादीतल्या या नंबरला प्रायमरी की म्हणतात आणि बिलाच्या तक्त्यातल्या त्याच नंबरला फॉरेन की. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांची ही रचना मांडली, आजही तुमचं बिल त्यावरच चालतं.

आता ढेपेच्या जागी कास्तकाराचं नाव ठेवून बघा. त्याने जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर नेलं, पैसे कापूस विकल्यावर देणार. मधल्या काळात कोणीतरी 'हे नाव डबल आहे' म्हणून उडवलं. बिल राहिलं, पण ते कोणाचं हे सांगणारी ओळच गेली. दिवाळीनंतर वसुलीला कोणाकडे जाणार?

म्हणून आधी शोधा. आणि इथे दोन वेगळे प्रश्न आहेत, लोक त्यांची गल्लत करतात. पहिला, कोणकोणते तक्ते या यादीकडे बोट दाखवू *शकतात*? दुसरा, त्यातल्या कोणत्या ओळी *आत्ता* १०७ कडे बोट दाखवतात?

टॅली वापरत असाल तर काम सोपं आहे. ज्या लेजरवर एखादं व्हाउचर आहे ते टॅली डिलीट करू देत नाही. त्या लेजरचे किंवा स्टॉक आयटमचे व्हाउचर उघडा, यादी समोर येते. स्थानिक पोराकडून सॉफ्टवेअर बनवून घेतलं असेल आणि आत मायएसक्यूएल असेल, तर त्याला म्हणा, 'इन्फर्मेशन स्कीमा' मधला 'की कॉलम युसेज' हा तक्ता बघून सांग. मालाच्या यादीकडे कोणत्या तक्त्यातून फॉरेन की येते ते तिथे मिळतं. मग त्या एकेका तक्त्यात १०७ च्या किती ओळी आहेत ते मोजायला लावा.

पण इथे थांबू नका. घाईत बनवलेल्या स्वस्त सॉफ्टवेअरमध्ये फॉरेन की लावलेलीच नसते. नंबर असतो, पण डेटाबेसला त्याचं नातं माहीत नसतं. अशा वेळी 'की कॉलम युसेज' रिकामा दिसतो आणि पोरगं म्हणतं, "कुठेच वापरलेलं नाही, उडवतो." उडवू देऊ नका. 'आयटम आयडी', 'आयटम कोड' अशा नावांचे कॉलम सगळ्या तक्त्यांत शोधायला लावा. रिपोर्टच्या कोडमध्येही शोधा.

आणि 'ऑन डिलीट कॅस्केड' लावलंय का ते आवर्जून विचारा. ते असेल तर यादीतली एक ओळ काढली की तिच्याशी जोडलेल्या ओळीही न विचारता जातात. बिलाच्या तक्त्याला हे लावणं मला तरी अक्षम्य वाटतं. जीएसटी कायद्यानुसार हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात.

डिलीटच नाही, बदल करतानाही हाच शोध लागतो. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. जिल्हा एका यादीत ठेवून गिऱ्हाइकांना फक्त त्याचा नंबर दिला असेल, तर एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं. दराचं तसं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शॅम्पू, टूथपेस्टचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. तुमचं बिल दर यादीतूनच उचलत असेल तर यादीत ५ टाकताच ऑगस्टचं जुनं बिलही ५ ने छापलं जाईल, आणि भरलेल्या रिटर्नशी ते जुळणार नाही. दर बिलाच्या ओळीतच साठवलेला पाहिजे.

ढेपेचं काय करायचं? दोन डबल नावांचा शिल्लक साठा स्टॉक जर्नलने मुख्य नावावर घ्या, मग ती नावं 'बंद' करा, म्हणजे नव्या बिलात दिसणार नाहीत आणि जुनी बिलं शाबूत राहतील. 'बंद' ची सोय नसेल तर नावापुढे 'वापरू नये' लिहा, चालतं. सप्लायर म्हणेल, "आतून उडवून देतो, पाच मिनिटांचं काम." नको म्हणा.

नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं असेल तर डेमोलाच एक खोटी वस्तू टाका, तिचं एक बिल करा आणि मग ती वस्तू डिलीट करून दाखवायला सांगा. काय होतं ते बघा, मगच पैशाची बोलणी करा.