मांडवाच्या कडेला उभी माणसं

तुळशीची लग्नं लागली की मंगल कार्यालयांच्या तारखा भराभर भरतात आणि लग्नाचं व्यवस्थापन करणाऱ्यांची झोप उडते. पूर्वी आचारी ठरवण्यापासून रुसलेल्या पाहुण्यांची मनधरणी करण्यापर्यंत सगळं घरातला एखादा मामा अंगावर घेई. आता ते काम परक्या माणसाकडे जातं, आणि मला त्यात काहीच गैर वाटत नाही. मुलीच्या आईला त्या दिवशी कोठीघरात अडकून न पडता मांडवात बसता येतं, हे केवढं मोठं आहे!

मंगलाष्टकं सुरू असताना सगळ्यांचे डोळे अंतरपाटाकडे असतात. लग्न सांभाळणारी मुलगी मात्र कडेला उभी असते. अक्षता मागच्या रांगेपर्यंत पोचल्या का? शेवटच्या 'सावधान'ला वाजंत्रीवाल्यांना खूण कोण करणार? पहिल्या पंगतीचा मसालेभात गरम आहे ना?

चातुर्मासात मुहूर्त थंडावतात, तेव्हा हीच मंडळी भर पावसात सिंहगड चढतात, पिठलं-भाकरी खातात, पत्ते कुटतात. कधी गोदामात लुटुपुटूचं लग्नही लागतं: टेबलावरची चादर अंतरपाट, आचारी भटजी, फोटोग्राफर नवरा, आणि उखाण्यांना नुसता ऊत! इतरांच्या समारंभात जपून वागणाऱ्यांचं हे मनमुराद हसणं मला फार आवडतं. या अंकात त्यांच्याशी गप्पा आहेत.

लग्नघरातल्या वाचकांना एक विनंती. या मंडळींची पंगत नेहमी शेवटची असते. यंदा त्यांना जरा आधी, आग्रहाने जेवायला बसवा.